कंपनीचं भांडण आणि तालुक्याचं कोर्ट : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच विषयावरची आहेत, कंपनीच्या केसमध्ये आपल्या इथल्या कोर्टाचे जज नेमकं काय करू शकतात आणि काय नाही. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यावरच. इथलं कोर्ट म्हणजे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ज्यांना आपण सगळे जेएमएफसी म्हणतो. तालुक्याला बहुतेक वेळा ही एकच व्यक्ती असते, त्याच खुर्चीवर बांधाचा दावाही चालतो आणि चेकची केसही. लोक यांना 'खालचं कोर्ट' म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही, कारण माझ्या वकिलीतली बरीचशी माणसं न्याय मिळून घरी गेली ती याच कोर्टातून. पण यांच्या अधिकाराला कुंपण आहे आणि ते कुठे आहे हे न बघता केस टाकली की वर्षं जातात, पैसे जातात, आणि राग मात्र त्या जजवर निघतो.

प्रश्न : आमची तीन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, माझे ३० टक्के शेअर्स. मोठ्या भावानं मला डायरेक्टरपदावरून काढलं, मीटिंगची नोटीस मला मिळालीच नाही. नंतर कळलं की माझ्यातले २० टक्के शेअर्स त्याच्या मुलाच्या नावावर गेलेत, ट्रान्सफरच्या एसएच-४ फॉर्मवर माझी सही दाखवलीय, ती मी केलेली नाही. इथल्या कोर्टात दावा टाकून मनाई हुकूम मागितला, दीड वर्षानं कोर्टानं अधिकार नाही म्हणून दावा फेटाळला. अधिकार नव्हता तर पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं? — एक वाचक, इचलकरंजी

दादा, तुमचा संताप समजतो, दीड वर्ष म्हणजे थोडं नाही. पण जजसाहेबांनी जे केलं ते कायद्यानं त्यांना करावंच लागणार होतं. कंपनी कायदा २०१३ चं कलम ४३० सांगतं की ज्या गोष्टीचा निर्णय एनसीएलटीनं, म्हणजे नॅशनल कंपनी लॉ ट्रिब्युनलनं द्यायचाय, त्यात दिवाणी कोर्टाला हात घालता येत नाही, मनाई हुकूमही देता येत नाही. एनसीएलटी जून २०१६ पासून सुरू झालं. त्याआधी शेअर्सच्या मालकीचा वाद गुंतागुंतीचा असेल तर दिवाणी कोर्टात जा असं सांगितलं जायचं, आणि जुन्या पद्धतीनं काम करणारे बरेच वकील अजून तेच धरून बसलेत. पण २०१९ मध्ये एनईपीसी मायकॉन कंपनीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सरळ सांगितलं की शेअर ट्रान्सफर आणि मेंबर रजिस्टरच्या दुरुस्तीचे वाद आता ट्रिब्युनलसमोरच जातील. त्यामुळे कोर्ट तालुक्याचं असो की जिल्ह्याचं, या मुद्द्यावर दोघांचे हात सारखेच बांधलेले आहेत. आणि पहिल्या दिवशी का नाही सांगितलं, तर दावा दाखल होताना अर्जातल्या मागण्या वरवर बघितल्या जातात, समोरच्यानं हजर होऊन आक्षेप घेतला की मग दोन्ही बाजू ऐकून अधिकाराचा मुद्दा ठरतो. ही तपासणी आधी तुमच्या वकिलाच्या टेबलावर व्हायला हवी होती, हे मला स्पष्ट लिहावंसं वाटतं.

आता पुढचं बघा. महाराष्ट्र आणि गोव्याच्या कंपन्यांसाठी एनसीएलटीचं मुंबई बेंच आहे, कफ परेडला. तिथे कलम २४१ खाली अर्ज करा, दडपशाही आणि गैरकारभाराचा. हा अर्ज करायला शेअर भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो किंवा एकूण भागधारकांच्या एक दशांश भागधारक लागतात. तुमच्याकडे आज कागदावर १० टक्के उरलेत तेही पुरतात, आणि इतक्या मोजक्या भागधारकांत तुम्ही एकटेही पुरता. मेंबर रजिस्टर दुरुस्त करण्यासाठी कलम ५९ आहे. ट्रिब्युनल शेअर्स परत करायचा आदेश देऊ शकतं, मधल्या काळात आहे ती परिस्थिती ठेवा असा अंतरिम आदेश देऊ शकतं, अगदीच पटत नसेल तर एका बाजूनं दुसऱ्याचे शेअर्स विकत घ्यावेत असंही सांगू शकतं. यातलं एकही काम इथल्या जजला करता आलं नसतं. डायरेक्टरपदावरून काढण्याबद्दल म्हणाल तर कलम १६९ खाली विशेष नोटीस लागते आणि ज्याला काढायचं त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, नोटीसच नसेल तर तो मुद्दा तुमच्या बाजूनं भक्कम आहे. एनसीएलटीत स्वतः उभं राहता येतं, वकील चालतो, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीही चालतो.

मुदतीची काळजी वाटत असेल तर, मुदत कायद्याचं कलम १४ चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ वगळायची सोय देतं आणि कंपनी कायद्याच्या कलम ४३३ मुळे मुदत कायदा ट्रिब्युनललाही लागू आहे. पण 'प्रामाणिकपणे' हा शब्द विसरू नका, म्हणजे दावा फेटाळल्यावर आता आणखी सहा महिने विचार करत बसू नका.

राहिली खोटी सही. इथे मात्र तुमच्या जेएमएफसीला खरा अधिकार आहे. आधी पोलिस स्टेशनला तक्रार, त्यांनी घेतली नाही तर एसपींना लेखी अर्ज, आणि तरीही हललं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, सोबत शपथपत्र हवंच. मॅजिस्ट्रेट पोलिसांचं म्हणणं बघून तपासाचा आदेश देऊ शकतात. हस्ताक्षर तज्ज्ञाकडे कागद जातील, साक्षीदार कोण होता ते निघेल. फक्त दोन गोष्टी. एक, तिथून शेअर्स परत मिळणार नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नका. दुसरी, फिर्यादीत कंपनी कायद्याचं कलम ४४७, म्हणजे फ्रॉड, घालून जड करायचा मोह टाळा, कारण त्या कलमाची दखल कोर्टाला सीरियस फ्रॉड ऑफिसच्या संचालकांच्या किंवा केंद्र सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच घेता येते, तुमच्या-माझ्या तक्रारीवर नाही. आणि 'सगळे डायरेक्टर सामील' असं मोघम लिहू नका. सही कोणी केली असा संशय आहे, फॉर्मवर साक्षीदार कोण आहे, तो कागद कंपनीच्या दप्तरात कोणी आणला, तुम्हाला काढल्याचा डीआयआर-१२ फॉर्म कंपनी रजिस्ट्रारच्या पोर्टलवर कोणाच्या डिजिटल सहीनं चढला, हे एकेक वाक्यात लिहा. पोर्टलवरचे फॉर्म फी भरून कोणालाही काढता येतात, ते काढूनच वकिलाकडे जा.

प्रश्न : भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे, जिग-फिक्स्चर बनवतो. एका कंपनीचा ७ लाख ४० हजारांचा चेक परत आला, केस टाकली, कंपनी आणि सहा डायरेक्टर आरोपी केले. आता त्यांचे वकील म्हणतात कंपनी एनसीएलटीत गेली, जेएमएफसीला काही अधिकार उरला नाही. एक डायरेक्टर मॅडम म्हणतात मी नावापुरती आहे, माझ्यावरची प्रोसेस (समन्सचा आदेश) मागे घ्या. माझे वकील म्हणतात काळजी नको, २० टक्के तर आधीच मिळतील. खरं काय? — एक वर्कशॉपवाले

तिघांचंही थोडं थोडं चुकतंय.

पहिलं म्हणजे 'एनसीएलटीत गेली' याचा अर्थ काय ते विचारा. कोणीतरी नुसता अर्ज टाकला म्हणून काही थांबत नाही, ट्रिब्युनलनं अर्ज दाखल करून घेतल्याचा आदेश झाला की त्या तारखेपासून मोरेटोरियम, म्हणजे कंपनीविरुद्धच्या केसेस आणि वसुलीला तात्पुरती बंदी, लागतं. त्या आदेशाची कॉपी मागा. मी अशा केसेस बघितल्यात जिथे आठ-दहा तारखा नुसत्या तोंडी सांगण्यावर गेल्या आणि शेवटी निघालं की अर्ज दाखलच झाला नव्हता. आदेश खरंच झाला असेल तर २०२१ च्या शाह ब्रदर्स इस्पातच्या निकालाप्रमाणे मोरेटोरियम असेपर्यंत कंपनीविरुद्धची चेकची केस थांबते, पण डायरेक्टरांविरुद्धची चालूच राहते. म्हणजे जेएमएफसीचा अधिकार संपत नाही. शिवाय रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे ट्रिब्युनलनं कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाकडे, आपला क्लेम जाहीर नोटिशीतल्या तारखेच्या आत भरा, ते वेगळं काम आहे, केस चालू आहे म्हणून ते आपोआप होत नाही.

दुसरं, त्या मॅडमचा अर्ज. एकदा काढलेली प्रोसेस त्याच मॅजिस्ट्रेटला मागे घेता येत नाही, २००४ पासून सुप्रीम कोर्टाचं हे पक्कं मत आहे. त्यांना सेशन्समध्ये रिव्हिजनला किंवा हायकोर्टात जावं लागेल. पण दादा, तुम्हीही मनाशी विचार करा. एसएमएस फार्मास्युटिकल्सच्या २००५ च्या निकालापासून नियम असा आहे की नुसतं डायरेक्टर असणं पुरत नाही, गुन्हा घडला तेव्हा ती व्यक्ती कंपनीचा कारभार बघत होती आणि त्याला जबाबदार होती हे फिर्यादीत लिहिलेलं असावं लागतं. मॅनेजिंग डायरेक्टर आणि चेकवर सही करणारा हे त्यांच्या जागेमुळेच येतात. त्या मॅडम खरंच कारभारात नसतील तर त्यांना ओढत नेऊन तुमचे पैसे लवकर येणार नाहीत, उलट त्यांची हायकोर्टाची स्थगिती तुमची सगळी केस अडकवून ठेवेल.

तिसरं २० टक्क्यांचं, आणि हे वाचून वाईट वाटेल. चेकच्या कायद्याच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या, कलम १४३अ खाली मॅजिस्ट्रेट चेकच्या रकमेच्या जास्तीत जास्त २० टक्के, तुमच्या बाबतीत १ लाख ४८ हजार, अंतरिम भरपाई म्हणून द्यायला लावू शकतात. पण ती द्यायलाच हवी असं नाही, हे २०२४ मध्ये ठरलं. आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गुरुदत्त शुगर्स मार्केटिंगच्या केसमध्ये, जी आपल्या मुंबई हायकोर्टातूनच वर गेली होती, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चेक कंपनीचा असेल तर चेक काढणारी कंपनी, सही करणारा माणूस नव्हे, म्हणून ही अंतरिम भरपाई सहीवाल्या डायरेक्टरकडून घेता येत नाही. चेक देणारी कंपनी मोरेटोरियममध्ये असेल तर तिच्याकडून आता मागता येत नाही आणि डायरेक्टरकडून मागता येत नाही. तेव्हा त्या पैशावर पुढचा माल घ्यायचं ठरवलं असेल तर थांबा. केस मात्र सोडू नका. शेवटी दोषी ठरले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या दुप्पट दंडापर्यंत शिक्षा होऊ शकते आणि बहुतेक तडजोडी या भीतीपोटीच होतात.

प्रश्न : माझ्या बाबांनी एका कंपनीत ३१ वर्षं फिटर म्हणून काम केलं. रिटायर झाले, ग्रॅच्युइटी मिळाली नाही, पीएफमध्येही कंपनीनं भरायचे पैसे बाकी आहेत. त्यामुळे आम्ही क्वार्टर सोडलं नाही. आता कंपनीनं जेएमएफसी कोर्टात केस केलीय, समन्स आलंय. आईला वाटतं पोलिस येऊन बाबांना घेऊन जातील, ती रात्रभर जागी असते. जज त्यांना जेलमध्ये टाकू शकतात का? — एक मुलगी, विदर्भ

ताई, आधी आईला सांग की समन्स म्हणजे अटक नाही. दिलेल्या तारखेला बाबांनी हजर राहायचं, वकील बोलतील, जामिनाचे कागद होतील आणि संध्याकाळी बाबा घरी जेवायला असतील. तारीख चुकवायची नाही, मग मात्र वॉरंट निघतं.

केस कंपनी कायद्याच्या कलम ४५२ ची आहे, जुन्या कायद्यात हेच कलम ६३० होतं. कंपनीची वस्तू किंवा घर बेकायदा अडवून ठेवणं हा गुन्हा, दंड १ लाखापासून ५ लाखांपर्यंत, आणि जज एक मुदत घालून घर परत करा असा आदेश देऊ शकतात, तो नाही पाळला तर दोन वर्षांपर्यंत कैद. कंपनी कायद्याच्या बाकी गुन्ह्यांसाठी स्पेशल कोर्टं आहेत पण हे एक कलम मुद्दाम त्यातून वगळलंय, म्हणून केस आपल्या साध्या मॅजिस्ट्रेटकडे आलीय.

कोणी सांगेल की बाबा आता नोकरीत नाहीत म्हणून कलम लागतच नाही. त्यावर जाऊ नका. सुप्रीम कोर्टानं जुन्या कलमाखाली हा मुद्दा कधीच निकाली काढलाय, रिटायर झालेला कामगारही येतो, इतकंच काय १९९५ च्या कॉक्स अँड किंग्ज आणि २००३ च्या बॉम्बे गॅसच्या केसमध्ये घरात राहणारे वारस आणि कुटुंबीयसुद्धा यात येतात असं ठरलं.

तुमच्या हातात आहे ती २०२० ची दुरुस्ती. संसदेनं कलम ४५२ मध्ये एक वाक्य वाढवलं की अडवलेली जागा राहतं घर असेल आणि कंपनीनं त्या माणसाचा पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा त्याच्या भल्यासाठीच्या अशा फंडाचे पैसे दिलेले नाहीत अशी कोर्टाची खात्री पटली, तर कैदेचा आदेश देता येणार नाही. कामात अपघात झाला, अपंगत्व आलं आणि त्याची भरपाई थकली असेल तरी तेच. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर, पैसे थकलेत हे कागदावर दाखवलंत तर बाबांना जेल नाही. पण 'खात्री' जजला तुमच्या बोलण्यावरून होणार नाही, पीएफचं पासबुक डाउनलोड करा, त्यात ज्या महिन्यांत कंपनीचा भरणा नाही त्या ओळींवर खूण करा, रिटायरमेंटचं पत्र, शेवटची पगाराची स्लिप, ग्रॅच्युइटीच्या अर्जाची पोच, सगळं एका फाइलमध्ये लावून पहिल्या तारखेलाच वकिलांकडे द्या. ग्रॅच्युइटीचा अर्ज अजून केला नसेल तर लेबर ऑफिसला उद्याच करा, कारण या केसमधले जज ग्रॅच्युइटी वसूल करून देऊ शकत नाहीत, त्याचा दरवाजा वेगळा आहे.

एक खरं सांगायला हवं. या वाक्यानं घर तुमचं होत नाही. दंड होऊ शकतो, घर सोडायचा आदेश होऊ शकतो, फक्त कैद टळते. म्हणून मी अशा केसमध्ये हट्ट धरू देत नाही, मुदत मागायला लावते.

काही वर्षांपूर्वी एक बॉयलर अटेंडंट काका माझ्याकडे होते. तारखेला पुकारा झाला तसे खिशातून रुमालात गुंडाळलेली किल्ली काढून ते थेट जजसाहेबांच्या टेबलाकडे निघाले, शिपायानं हात आडवा घातला. जजसाहेब तरुण होते, नोकरीला तीनएक वर्षं झाली असतील. पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काका, किल्ली देताय ते ठीक, आज रात्री राहणार कुठे?" काकांना उत्तर देता येईना, रुमाल तसाच हातात धरून उभे राहिले. मग साहेबांनी कंपनीच्या वकिलांना विचारलं की यांचा ग्रॅच्युइटीचा हिशोब कुठपर्यंत आलाय, आणि पुढची तारीख दिली. पैसे द्या असा आदेश द्यायचा अधिकार त्यांना नव्हता, त्यांनी दिलाही नाही, फक्त विचारलं आणि रोजनाम्यात लिहून घेतलं. दोन तारखांनी कंपनीनं चेक आणला आणि काकांनी किल्ली दिली. सगळीकडे असं होत नाही, मला माहीत आहे. पण प्रश्न विचारायचा अधिकार प्रत्येक जजला असतो आणि तो वापरला जावा म्हणून वकिलानं फाइल तयार ठेवायची असते.

प्रश्न : कंपनीच्या कर्जासाठी आमचं घर गहाण होतं. बँकेनं मॅजिस्ट्रेटकडून ताब्याचा आदेश आणला. आम्ही हप्त्यांचा हिशोब चुकीचा आहे सांगायला गेलो तर ऐकूनच घेतलं नाही. हा कसला न्याय? — एक वाचक, नाशिक

सरफेसी कायद्याच्या, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ मध्ये मॅजिस्ट्रेटला निवाडा करायचाच नसतो. जिल्ह्याला कलेक्टर (मुंबईत जुलै २०२४ च्या आधी चीफ मेट्रोपॉलिटन मॅजिस्ट्रेट), आणि २०१९ च्या निकालानं जिल्ह्याचे मुख्य न्यायदंडाधिकारीही, हे बँकेचं ९ मुद्द्यांचं शपथपत्र बघतात आणि ताबा घ्यायला मदत करतात, एवढंच. हिशोब बरोबर की चूक हे त्यांना ठरवता येत नाही असं २०२२ मध्ये आपल्या महाराष्ट्रातून गेलेल्या केसमध्येच सुप्रीम कोर्टानं सांगितलं. त्याच वर्षी एनकेजीएसबी बँकेच्या केसमध्ये हेही ठरलं की ताबा घ्यायला ते वकिलाला कमिशनर नेमू शकतात, म्हणून दारात काळा कोट दिसला तर दचकू नका, आदेशाची कॉपी मागा. तुमचा हिशोब ऐकणारी जागा डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण आहे, कलम १७, मुदत ४५ दिवस. पत्रावर तारीख नाही तुमची, त्यामुळे किती दिवस उरलेत मला कळत नाही, आजच वकील गाठा.

प्रश्न : मी जेएमएफसीच्या परीक्षेची तयारी करतोय. कंपनी कायद्यातल्या कुठल्या केसेस आमच्यासमोर येतील हे कुठल्याच नोट्समध्ये नीट नाही. — एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

कलम ४३५ वाच. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद असलेले गुन्हे सेशन्स जज असलेल्या स्पेशल कोर्टात, बाकीचे मॅजिस्ट्रेट असलेल्या स्पेशल कोर्टात, ही विभागणी २०१८ मध्ये लागू झाली. पण कितीतरी चुका आता गुन्हा राहिल्याच नाहीत, उदाहरणार्थ वार्षिक रिटर्न उशिरा भरलं तर कलम ४५४ खाली रजिस्ट्रार ऑफिसच पेनल्टी लावतं आणि त्यावर ६० दिवसांत रीजनल डायरेक्टरकडे अपील जातं, मॅजिस्ट्रेटचा संबंध नाही. दिवाळखोरी संहितेच्या गुन्ह्यांवर मध्ये गोंधळ होता. मुंबई हायकोर्टानं म्हटलं होतं की २०१८ ची विभागणी त्यांनाही लागू, आणि ते सेशन्सवाल्या स्पेशल कोर्टाकडे जाणार नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, संहिता झाली तेव्हा जसं स्पेशल कोर्ट होतं तेच त्यात कायमचं धरलं गेलंय, म्हणून सेशन्स जजच. नोट्स जुन्या असतील तर हे तपासून घे.

आणि खुर्चीवर बसल्यावर कंपनी किंवा तिच्या अधिकाऱ्याविरुद्ध या कायद्याखालची फिर्याद समोर आली की गुन्ह्याचं कलम बघायच्या आधी फिर्यादी कोण आहे ते बघ. कलम ४३९ प्रमाणे रजिस्ट्रार, भागधारक किंवा मेंबर, नाहीतर केंद्र सरकारनं अधिकार दिलेला माणूस, यांच्याच लेखी तक्रारीवर दखल घेता येते. भागधारक म्हणवत असेल तर शेअर सर्टिफिकेट किंवा डीमॅटचं स्टेटमेंट फिर्यादीला जोडलंय का, ते पान उलटून बघ.